अर्ध्या पंगतीतून उठणारे

आमच्या येथील एका हायस्कुलात गेल्या जून महिन्यात इंग्रजी शिकविण्यासाठी एक नवीन शिक्षिकाबाई आल्या. नवा शिक्षक गावात आला म्हणजे मुलांची परीक्षा तो पुढे केव्हातरी घेतो. त्याची परीक्षा मात्र गाव त्याच दिवशी घेते. सिरसाळा हे परळी वैजनाथहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एस. टी.तून उतरून बाई हायस्कुलाच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत त्यांचे वय, गाव, पदवी आणि पगार ही चारही प्रकरणे रस्त्यावरच्या हॉटेलात वाचून संपली होती. एकच गोष्ट कळावयास महिना लागला. ती ही की, बाई शिकवितात तरी काय!

ही शंका घेऊन आमच्या ओसरीवर प्रथम आले ते नववीतील एका मुलीचे वडील. हे गृहस्थ आमचेच जुने विद्यार्थी. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृत एका शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून शिकलो, आणि नोकरीत मराठी-संस्कृताच्या जोडीने पाचवी ते सातवीचे इंग्रजीही आमच्या गळ्यात पडले. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून ती सुरू झाली २००० सालापासून. तर हे गृहस्थ १९९६-९७ च्या सुमारास आमच्या हाताखालून गेलेले. दिवाळी झाली की जोडीने ऊसतोडीस जातात, चैत्राच्या आगेमागे परततात.

"गुरुजी," ते म्हणाले, "पोरीच्या वहीत व्याकरणाचं एक पान नाही. वर्गात नुसत्या गप्पा चालू हैत म्हणायली. तुमचं शिकवलेलं बघा, अजून तोंडपाठ हाय." असे म्हणून त्यांनी हात जोडून उभ्यानेच 'आय ॲम, वी आर, यू आर, ही इज' हा सारा पाठ न अडखळता म्हणून दाखविला. "तुमचा शब्द हेडमास्तर मोडायचे नाहीत. एवढं सांगून बघा."

खोटे कशास बोलावे, ते पाठांतर ऐकून आमची छाती फुगली. दुसऱ्याच दिवशी उपरणे सारखे करून आम्ही मुख्याध्यापकांस भेटलो. ते शांत स्वभावाचे. म्हणाले, "गुरुजी, आधी दोन दिवस वर्गात मागच्या बाकावर बसा, मग सांगा." मालविकाग्निमित्रात दोन नाट्याचार्यांचा कलह लागला तेव्हा त्यांचा निवाडा त्यांच्या वादावरून न करता शिष्यांच्या प्रयोगावरून करावयाचे ठरले, हे आम्हीच पूर्वी मुलांस सांगत आलो होतो. तेव्हा नाही म्हणण्यास जागा उरली नाही.

वर्गात फळा कोरा होता. बाई टेबलापाशी नव्हत्या, मुलांच्या रांगांमधून फिरत होत्या. दिवाळीनंतर तुमच्या घरी काय काय होते, एवढाच प्रश्न त्यांनी सोप्या इंग्रजीत टाकला होता आणि मुले एकेक वाक्य जोडीत होती. एक मुलगी उठली. ही आमच्या त्या विद्यार्थ्याची कन्या. ती म्हणाली, "माय मदर कट केन. माय फादर कट केन. आय कुक भाकरी. माय ब्रदर स्लीप इन कोपी."

चार वाक्यांत तीन ठिकाणी क्रियापदाचा प्रत्यय गळालेला, आणि दोन शब्द तर उघड मराठी! आमची जीभ शिवशिवली. पण बाईंच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. त्या सहज कौतुकाने म्हणाल्या, "ओह, युवर मदर कट्स केन! व्हेन डझ शी स्टार्ट?" मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "शी स्टार्ट्स अ‍ॅट फोर." हा प्रत्यय तिला कोणी सांगितला नव्हता. तो बाईंच्या वाक्यातून तिच्या कानात गेला आणि कानातून ओठावर आला. वर्गात कोणी हसले नाही, आणि मुलीलाही आपले काही चुकले होते हे कळले नसावे. कळले ते एवढेच, की बाईंना आपल्या आईची हकीकत ऐकावयाची आहे.

तास संपल्यावर आम्ही विचारले, "बाई, 'भाकरी' आणि 'कोपी' हे शब्द इंग्रजी वाक्यात चालवून घेता, हा संकर नव्हे काय?"

बाई हसून म्हणाल्या, "गुरुजी, इंग्रजांच्या शब्दकोशात 'मंगूस' आहे, तो आपलाच मुंगूस. त्यांनी मराठीतून उचलला, असं कोशकारच सांगतात. त्यांना आपला मुंगूस चालला, तर आपल्या पोरीची कोपी का चालू नये? ऊस तोडणारे पाचटाच्या ज्या झोपडीत राहतात, तिला दुसरा शब्द आणायचा कुठून?"

उत्तर बिनतोड होते. पण आमचे समाधान झाले नाही. घरी येऊन आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या कुटुंबाने धुण्याच्या घड्या घालता घालता विचारले, "आपली नात दोन वर्षांची असताना भावाचं ऐकून 'मी जातो' म्हणायची, आठवतं का? तिला कुणी लिंगविचार शिकवला? सूनबाई नुसती म्हणायची, 'तू जातेस होय? कुठं जातेस?' आठ दिवसांत पोर 'मी जाते' म्हणू लागली." हे खरे होते. आम्ही चाळीस वर्षे व्याकरण शिकविले, परंतु आमच्याच घरात भाषा कशी शिकविली जाते याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते.

त्या रात्री दोन आठवणींनी आम्हांस झोप येऊ दिली नाही. पहिली आमच्या वडिलांची. आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी शाळांत पुढचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. वडील शाळेत थोडेच शिकले, पण कचेरीत, बाजारात, अंमलदारासमोर उभे राहून ऐकता ऐकता त्यांची उर्दू अशी झाली होती की, अर्ज करावा त्यांनी आणि तालुक्याच्या कारकुनाने मान डोलवावी. उर्दूच्या व्याकरणाचे पुस्तक त्यांनी आयुष्यात उघडले नव्हते. उलट आम्ही इंग्रजीचे नियम सारे पाठ केले, तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेतील वाक्ये इकडून तिकडे आणि तिकडून इकडे केली, आणि आजही मुंबईच्या गाडीत शेजारी परप्रांतीय बसला तर आम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. बापाला परकी भाषा बोलता आली आणि मुलास ती फक्त तपासता आली!

दुसरी आठवण सांगण्यास लाज वाटते. पण या पानावर आम्ही इतरांचे दोष सांगत असतो, तेव्हा आपला लपविणे योग्य नव्हे. तक्रार घेऊन आलेले ते गृहस्थ सहावीत असताना एकदा आपण होऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आय गोज टु होम." त्यांना पोटात दुखत होते आणि घरी जावयाचे होते. आम्ही ते वाक्य तसेच फळ्यावर लिहिले, त्याखाली तीन रेघा ओढल्या आणि वर्गास विचारले, "हे गृहस्थ कुठे निघाले?" वर्ग पोट धरून हसला. तो मुलगा खाली बसला. त्यानंतर त्याने आमच्या तासास पाठ म्हणून दाखविले, शब्दार्थ लिहिले, परंतु आपल्या मनातले इंग्रजी वाक्य पुन्हा कधी उच्चारले नाही. सातवीनंतर तो आईबापांबरोबर उसावर गेला तो शाळेत परतला नाही. ऊस त्याला आम्ही तोडावयास लावला नाही, हे खरे. पण सहा वर्षे शाळेत बसून जी परकी भाषा त्याने थोडीबहुत घेतली होती, तिचे तोंड मात्र आम्ही बंद केले. आणि तोच आज हात जोडून तेच पाठ म्हणून दाखवितो आणि आपल्या मुलीलाही हेच शिकवा म्हणतो. त्याच्या त्या पाठांतराने आदल्या दिवशी आमची छाती फुगली होती!

आता वाचकांस वाटेल की, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने नव्या पद्धतीस शरण जाऊन माळ घातली. तसे नाही. पहिली गोष्ट ही की, 'नवी पद्धत' हे नावच फसवे आहे. मातृभाषेचा आधार न घेता इंग्रजी इंग्रजीतूनच, बोलून आणि वस्तू दाखवून शिकवावे, असे सांगणारे पुस्तक पी. सी. रेन यांनी हिंदुस्थानातील शाळांसाठी १९११ सालीच लिहिले होते. रेन म्हणजे आपल्या घरोघरी असलेल्या 'रेन आणि मार्टिन'च्या व्याकरणातले रेन. 'ब्यू जेस्ट' ही १९२४ ची प्रसिद्ध कादंबरीही त्यांचीच. गंमत पाहा, त्यांनी 'बोलून शिकवा' म्हटले ते आपण विसरलो आणि त्यांचे व्याकरण तेवढे डोक्यावर घेतले. पुढे १९७९ ते १९८४ या काळात बंगलोरकडे एन. एस. प्रभू यांनी आपल्या इकडच्या साध्या शाळांतून प्रयोग केला. नकाशावरून वाट सांगणे, गाडीच्या वेळापत्रकावरून उत्तर काढणे, अशी कामे मुलांपुढे टाकावी. काम करता करता भाषा येते, असे त्यांचे म्हणणे. बाईंच्या वर्गात एक दिवस आम्ही परळीच्या एस. टी.चे वेळापत्रक पाहिले, त्याचा उगम हा असावा.

पण आमच्या मनाला जी गोष्ट खरोखर लागली ती याहून जुनी आहे. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणशास्त्रज्ञ ढाक्यास शिक्षकांच्या महाविद्यालयात होते. बंगालमधील मुलांच्या इंग्रजीविषयी त्यांनी १९२६ साली एक ग्रंथ लिहिला. त्यांच्या ध्यानी आले की, इंग्रजीचा अभ्यासक्रम आखणारे नेहमी शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवतात. परंतु बहुसंख्य मुले मध्येच शाळा सोडतात. म्हणून त्यांनी विम्याच्या व्यवहारातील एक शब्द शाळेत आणला. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर जी रक्कम हाती येते तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. वेस्ट यांचा प्रश्न असा, की मुलाने दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी शाळा सोडली तर त्या वेळेपर्यंतच्या शिक्षणाची त्याला काय रक्कम मिळते?

हा प्रश्न ढाक्यास शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला असला तरी तो आमच्या बीड जिल्ह्याचाच आहे. दसरा-दिवाळी झाली की येथून गाड्या भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या उसावर जातात. नवराबायकोच्या जोडीस येथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी हंगामभर तोडणी करावयाची. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय सरकारने केलेली आहे, कोणाची आजी मागे राहते. तरीही धाकट्या भावंडास सांभाळावयास आणि भाकऱ्या थापावयास कोणीतरी लागते, आणि ते कोणीतरी बहुधा चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असते. नोव्हेंबरात वर्गातील काही बाके रिकामी होतात ती मार्च-एप्रिलात भरतात, किंवा भरत नाहीत.

अशा मुलास आमच्या पद्धतीने काय मिळत होते? आपल्या पंगतीचा क्रम आठवा. पान मांडले की आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात, मग भाज्या, मग वरणभात, वर तूप, आणि मग 'वदनी कवळ घेता'. हा क्रम शेवटपर्यंत बसणाऱ्यासाठी उत्तम आहे. पण ज्याला गाडी गाठावयाची म्हणून चटणी वाढताच उठावे लागते, त्याच्या पोटात काय गेले? आमचे इंग्रजी असेच होते. पहिली दोन वर्षे लिपी आणि शब्दार्थ, पुढे क्रियापदाची रूपे, पुढे काळ, पुढे प्रयोग. वाक्य जिभेवर येण्याचा मुहूर्त नेहमी पुढच्या इयत्तेत. आमचा तो विद्यार्थी मीठ-लिंबाच्या पानावरून उठला, आणि तीस वर्षांनी तो आम्हांस ते मीठच तोंडपाठ म्हणून दाखवीत होता. बाईंच्या वर्गातील मूल मात्र ज्या दिवशी उठेल त्या दिवशी चार घास तरी त्याच्या पोटात गेलेले असतील.

इतके मान्य करूनही आमचे बाईंशी भांडण उरलेच होते, आणि ते सहामाहीच्या वेळी उघड झाले. मुले तोंडाने धीट, पण उत्तरपत्रिकेत हाहाकार! 'स्कूल'मध्ये एकच 'ओ', प्रश्नार्थक वाक्य उलटेपालटे, विरामचिन्हांचा दुष्काळ. पालकांची कुजबुज पुन्हा सुरू झाली. त्यांचे तरी काय चुकले? दहावीस इंग्रजीचे शंभरांपैकी ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आहेत. तोंडी परीक्षा आणि शाळेचे अंतर्गत मूल्यमापन मिळून वीस. ते वीस गुणही २०१९ च्या परीक्षेपुरते भाषांतून काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत द्यावे लागले. निकाल उतरण्यास अन्य कारणेही होती. परंतु त्या वीस गुणांच्या टेकूवर किती मुले उभी असतात, हे सर्वांस दिसले. तोंडी परीक्षा पुष्कळ ठिकाणी दानधर्मासारखी होते हे गुपित नाही. तेव्हा ज्याची मुलगी शिकून ऊसतोडीतून सुटावी अशी इच्छा आहे, त्याने ऐंशी गुणांची काळजी करू नये काय?

आम्ही बाईंना घरी बोलाविले. कुटुंबाने चहा-पोहे केले. आम्ही बाईंपुढे पतंजलीचे महाभाष्य ठेवले. त्याच्या आरंभीच्या पस्पशाह्निकात भाष्यकार म्हणतो की, ज्याला घट हवा तो कुंभाराच्या घरी जाऊन घट कर म्हणतो. पण शब्द वापरावयाचे आहेत म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन 'शब्द कर' असे म्हणत नाही. शब्द लोकांत आधीच आहेत. माणूस ते तेथूनच घेतो.

बाईंचे डोळे चमकले. "मग गुरुजी, तुमचा पतंजलीच माझ्या बाजूला आहे की!"

"पुढचे ऐका," आम्ही म्हणालो. "तोच पतंजली त्याच आह्निकात म्हणतो की, बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य आणि हजार दिव्य वर्षांचा काळ, तरी एकेक शब्द सांगून शब्दांचा अंत लागला नाही. आज माणूस फार तर शंभर वर्षे जगतो. म्हणून सामान्य नियम आणि त्याचे अपवाद सांगावे, म्हणजे थोड्या श्रमात शब्दांचा मोठा राशी हाती येतो. मूल आईपाशी चोवीस तास भाषा ऐकते; तुमच्या वर्गात दिवसाला पस्तीस-चाळीस मिनिटे. उरलेल्या वेळात सिरसाळ्याच्या बाजारात इंग्रजी कोण बोलणार? जेथे ऐकणे थोडे, तेथे नियम हाच आधार. तुम्ही मुलांस चालावयास शिकविता ते उत्तमच; पण त्यांना पल्ला लांबचा गाठावयाचा आहे. मग काठीही द्या."

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी व्याकरणाच्या विरुद्ध नाही. मला व्याकरणाची भीती वाटते, कारण ते आलं की मुलं गप्प बसतात. मी स्वतः अशाच शाळेत शिकले. कॉलेजात पहिलं वर्षभर एक वाक्य बोलले नाही."

यावर आम्हांस बोलण्यासारखे काही नव्हते. फळ्यावरच्या त्या तीन रेघा आम्हांस दिसत होत्या.

मग तह झाला. आठवड्यात पाच दिवस मुलांनी बोलावे, वाचावे, लिहावे. बाईंनी त्यांच्या चुका मनात टिपून ठेवाव्या. आणि शनिवारी त्यांतील एकच चूक घेऊन तिचा नियम मुलांकडूनच काढवून घ्यावा, मग पाठ करवून घ्यावा. पाठांतरावर आम्ही अडून बसलो. ज्या देशात वेद लिपीवाचून टिकला तेथे पाठांतरास कमी लेखू नये. मात्र आधी वापर आणि मग पाठ, हा क्रम आम्ही मान्य केला. शनिवारच्या श्रुतलेखनास अर्धा तास आम्ही विनावेतन यावे असेही ठरले. बाईंनी एकच अट घातली: "गुरुजी, मूल बोलत असताना मध्ये थांबवायचं नाही."

पहिल्याच शनिवारी आम्ही ती अट मोडली. एका मुलाने 'ही डोन्ट' म्हणताच आमच्या तोंडून 'डझन्ट!' बाहेर पडले. साऱ्या वर्गाने मागे वळून आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही कान धरला. त्या दिवशी हसण्याची पाळी मुलांची होती. ते योग्यच झाले.

दिवाळीनंतर ती मुलगी आईबापांबरोबर कर्नाटकात गेली. तिला मागे ठेवता येईल काय म्हणून मुख्याध्यापकांनी आणि बाईंनी बापाची समजूत घालून पाहिली. पण घरी सांभाळणारे कोणी नव्हते आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. जाताना बाईंनी तिला एक शंभर पानी वही दिली. रोज दोन ओळी लिहावयाच्या, कशाही लिहाव्या, एवढेच काम. आम्ही आमच्याजवळचा एक छोटा शब्दकोश दिला. बापाने तो हातात घेऊन वजन पाहिल्यासारखे केले आणि पिशवीत टाकला.

परवा चैत्रात ती मंडळी परतली. मुलगी वही घेऊन बाईंकडे गेली आणि तेथून थेट आमच्या ओसरीवर आली. वहीची साठ-सत्तर पाने भरलेली. काहींवर तेलाचे डाग, काही पावसाने फुगलेली. पण सांगावयाची गोष्ट वेगळीच होती. माघात भावास ताप भरला. कोपीपासून दोन कोसांवर सरकारी दवाखाना. तेथील डॉक्टरीणबाईंस मराठी येईना, यांना कानडी कळेना. मुकादम जागेवर नव्हता. बापाच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा ही पुढे झाली आणि म्हणाली, "मॅडम, माय ब्रदर इज हॉट सिन्स टू डेज. ही ईट्स नथिंग. नाइट, ही शेक्स." डॉक्टरीणबाईंनी सारे ऐकून घेतले, दोन प्रश्न विचारले, रक्त तपासले, औषध दिले. पोर पाचव्या दिवशी खेळू लागले.

हे सांगून ती थांबली. मग जरा ओशाळून म्हणाली, "गुरुजी, रात्री पडल्या पडल्या मी लई विचार केला. 'सिन्स टू डेज' नसंल. 'फॉर' पाहिजे होतं का? अन् 'फॉर' कधी अन् 'सिन्स' कधी?"

वाचकहो, आम्ही हा नियम किती वर्गांस सांगितला असेल त्याची गणती नाही. पण तो आमच्याकडे कोणी मागावयास आल्याचे आम्हांस आठवत नाही. आम्ही तिला जवळ बसवून सांगितला. कालावधी सांगावयाचा तेथे 'फॉर', आणि आरंभाचा क्षण सांगावयाचा तेथे 'सिन्स'. दोन दिवसांपासून असेल तर 'फॉर टू डेज', सोमवारपासून असेल तर 'सिन्स मंडे'. आणि तेथे 'इज'च्या जागी 'हॅज बीन' का हवे, तेही. पाच मिनिटांत तिने ते घेतले. घट वापरून झाल्यावर ती वैयाकरणाच्या घरी आली होती, आणि तिच्यापुढे पतंजलीच्या दोन्ही वचनांत आम्हांस विरोध दिसेनासा झाला.

तिचे वडील दाराशी उभे होते. आम्ही त्यांना म्हणालो, "आत या. तुमचे पोट दुखत असताना मी तुम्हांस घरी जाऊ दिले नव्हते. विसरलात?" ते गोंधळले. त्यांना ती गोष्ट आठवत असावी असे वाटले, कारण ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी. पोरीनं त्या दिवशी दवाखान्यात वाचवलं." मग पुन्हा त्यांनी मूळ प्रश्न विचारलाच: "पण पास व्हईल नव्हं दहावीत?"

याचे उत्तर आमच्यापाशी नाही. पुढील जूनमध्ये ती दहावीत जाईल. ऐंशी गुणांचा कागद 'कोपी' आणि 'भाकरी' चालवून घेणार नाही. यंदाची उचल फिटली की अंगावर राहिली, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. दिवाळीनंतर तिचे बाक रिकामे राहील की भरलेले, ते त्यावर ठरेल. सुट्टीत रोज सकाळी एक तास तिने आणि तिच्यासारख्या आणखी सहाजणींनी आमच्या ओसरीवर यावयाचे ठरले आहे. बाई आठवड्यातून दोनदा येणार आहेत. कुटुंबाने सतरंजी काढून उन्हात टाकली आहे.

ज्यांच्या घरची मुले पंगतीत शेवटपर्यंत बसतात, त्यांनी कोणत्या पद्धतीने शिकविले तरी फारसे बिघडत नाही. त्यांच्या पानात वरणभात येणारच असतो. शिक्षकाची कसोटी अर्ध्यावर उठणाऱ्यांपाशी लागते. आमच्या बाई त्या कसोटीस उतरल्या. आम्ही उतरलो नव्हतो, पण सतरंजी अजून उन्हातच आहे.